एक नाव, दोन माणसं आणि फॉक्सप्रोचं पुस्तक

गेल्या महिन्यात भाचीनं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. नांदेडच्या एका पुस्तकाच्या दुकानातलं काउंटर, त्यावर शेजारी शेजारी मांडलेली तीन जाडजूड पुस्तकं, तिन्हींवर 'ॲक्सेस' हा शब्द. खाली मेसेज : 'मामा, कोणतं घेऊ? लवकर सांगा, दुकानदार बघायलाय.'

भाची लोह्यात राहते, रोज एसटीनं नांदेडला कॉलेजला जाते. बीसीएचं दुसरं वर्ष. प्रोजेक्ट म्हणून तिनं गावाकडच्या दूध संकलनाचा हिशोब घेतलाय. मी लगेच उत्तर द्यायला हवं होतं. पण हाच प्रश्न मला एकदा पडला होता, त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं आणि त्याची किंमत तिसऱ्याच माणसानं मोजली होती. म्हणून तिला लिहिलं, 'तासभर थांब, चहा पी.'

१९९८ मध्ये मी नांदेडला बी.कॉम. करत होतो आणि संध्याकाळी एका कॉम्प्युटर क्लासला जात होतो. एका मशीनवर तिघं. कीबोर्ड एकाकडे, बाकीचे दोघं मागून सूचना देणार. डॉस, वर्डस्टार, लोटस आणि शेवटी कोर्सचा मुकुटमणी, फॉक्सप्रो. 'फॉक्सप्रो येतं' म्हणणाऱ्या पोराला तेव्हा लग्नाच्या बाजारातही थोडा भाव होता, असं आम्ही तरी समजत होतो.

सॉफ्टवेअर फ्लॉपीवर मिळायचं. कुणाचं, कुठून आलं, हे कुणी विचारायचं नाही. आणि आजच्या पोरांना सहसा माहीत नसलेली गोष्ट म्हणजे, खरं सॉफ्टवेअर खोक्यात यायचं आणि त्या खोक्यात जाडजूड मॅन्युअल असायची. फ्लॉपीवरून उतरवून घेतलेल्या सॉफ्टवेअरबरोबर मॅन्युअल येत नाही. म्हणजे आमच्या हातात अर्धीच वस्तू होती. उरलेली अर्धी पुस्तकाच्या दुकानात विकत मिळायची. म्हणून आमच्याकडे पुस्तक निवडणं ही हौस नव्हती. यूट्यूब नव्हतं, हेल्पचा स्क्रीन उघडला तर इंग्रजी पाहून छाती दडपायची. जे पुस्तक घेतलं, तेवढंच सॉफ्टवेअर तुम्हाला येणार.

हे सॉफ्टवेअर आलं कुठून, त्याची गोष्ट मजेदार आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे, अवकाशयानं सोडणारी. तिथं काम करणाऱ्या वेन रॅटलिफ नावाच्या इंजिनियरला ऑफिसमधली फुटबॉलच्या निकालांवरची पैज जिंकायची होती. आकडेमोड कागदावर जमेना, म्हणून १९७८ मध्ये त्यानं घरच्या छोट्या कॉम्प्युटरवर स्वतःच एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. लॅबच्या मोठ्या मशीनवर जेपीएलडिस नावाची एक प्रणाली होती, तिची कल्पना त्यानं उचलली. नाव ठेवलं व्हल्कन. जाहिरात देऊन विकून पाहिला, फारसं जमलं नाही. मग जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली या दोघांनी तो विकायचे हक्क घेतले आणि नाव दिलं डीबेस टू. डीबेस वन कधी नव्हतंच! दुसरी आवृत्ती म्हटलं की गिऱ्हाइकाला माल मुरलेला वाटतो. त्यांची कंपनी ॲश्टन-टेट. त्यातला टेट खरा, ॲश्टन नावाचा भागीदार मात्र अस्तित्वात नव्हता.

१९८४ मध्ये डीबेस थ्री आलं, मग थ्री प्लस. त्याच वर्षी आपल्याकडे नवं संगणक धोरण आलं, आयात शुल्क उतरलं आणि पीसी हळूहळू ऑफिसांत दिसू लागले. डीबेसच्या पाठोपाठ पुस्तकांचं पीक आलं. ॲलन सिम्पसन यांचं 'अंडरस्टँडिंग डीबेस थ्री' अमेरिकेत सायबेक्सनं काढलं. सायबेक्सची पुस्तकं दिल्लीच्या बीपीबी प्रकाशनानं भारतीय किमतीत छापली आणि ती जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचली. पुढे आपल्याकडचे लेखक आले. आर. के. टक्साली यांचं 'फॉक्सप्रो २.५ मेड सिंपल' कितीतरी क्लासच्या टेबलांवर असायचं. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचं 'लेट अस सी' तर दंतकथाच झालं. माणूस समोर बसून सांगतोय असं इंग्रजी. डेटाबेसच्या वाट्याला मराठी मुलुखातून असा कानेटकर आला असता तर आमचं बरंच भलं झालं असतं.

डीबेसचं पुढे फॉक्सप्रो कसं झालं? ओहायो राज्यातल्या फॉक्स सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीनं डीबेससारखंच, पण कितीतरी वेगवान सॉफ्टवेअर बनवलं. ॲश्टन-टेटनं १९८८ मध्ये तिच्यावर खटला भरला. १९९० च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी ॲश्टन-टेटचाच कॉपीराइट रद्द ठरवला, कारण मूळ कल्पना सरकारी पैशावर चालणाऱ्या लॅबमधून आली होती आणि हे कंपनीनं नोंदणी करताना सांगितलं नव्हतं. काही महिन्यांनी त्यांनीच तो निकाल मागे घेतला. पण तोवर कंपनीच ढेपाळली होती, १९९१ मध्ये बोर्लंडनं ती विकत घेतली. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं फॉक्स घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्वतःचं ॲक्सेसही बाजारात आणलं. एकाच घरात दोन सवती. लोह्यापर्यंत ही भांडणं पोचली नव्हती. आमच्यापर्यंत पोचली फक्त फ्लॉपी.

तर मी दुकानात उभा. समोर दोन पुस्तकं. एक जाड, त्याच्या सुरुवातीला पन्नासेक पानं नुसता विचार : तक्ता म्हणजे काय, एका तक्त्यात काय ठेवावं, काय ठेवू नये. कमांड पुढे कुठंतरी. दुसरं पातळ, गाइडसारखं. पहिल्या पानापासून कमांड, शेजारी उदाहरण, धड्याच्या शेवटी परीक्षेत येणारे प्रश्न. किंमत निम्म्याहून कमी. इंग्रजी सोपं. मी मराठी माध्यमाचा पोरगा. वाचून बघा, तुम्ही कोणतं घेतलं असतं? मी पातळ घेतलं, उरलेल्या पैशांत मिसळ खाल्ली आणि लोह्याची एसटी पकडली.

लोह्यात माझ्या धाकट्या काकांचं कृषी सेवा केंद्र होतं. खत, बी-बियाणं, औषधं. आसपासच्या वीस-पंचवीस गावांचे शेतकरी. पेरणीला उधारीवर न्यायचे, कापूस-सोयाबीन विकल्यावर दिवाळीपासून पुढे फेडायचे. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरायच्या आत वसुली झालेली बरी, असा दुकानांचा शिरस्ता, कारण यात्रेत पैसा मोकळा होतो. काकांनी जुना ४८६ मशीन घेतला आणि मला म्हणाले, 'तुझं ते फाक्सप्रो लाव बरं आपल्या उधारीला.'

दुकानात एक मुनीमजी होते. साठी उलटलेली, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची खतावणी मांडीवर. रोज रोजकीर्द लिहायची, रात्री त्यातनं एकेकाच्या खात्यावर रक्कम चढवायची. मी त्यांना विचारलं, 'मुनीमजी, हे सगळं मशीनवर घ्यायचं तर काय काय लागेल?' ते म्हणाले, 'आधी खाते पान घे.' मी म्हणालो, 'पान कशाला? मशीनला पानं नसतात.' त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं लिहायला घेतलं.

माझ्या तक्त्यात पहिला रकाना होता नाव. वीस अक्षरं. पहिलं नाव, वडिलांच्या नावाचं एक अक्षर, आडनाव. मग गाव, मग बाकी. नावं रोमन लिपीत, कारण दुसरा इलाज नव्हता. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलं तर डॉसमधल्या डीबेसमध्येसुद्धा देवनागरी दिसायची, पण ते कार्ड सरकारी कचेऱ्यांना परवडायचं, खताच्या दुकानाला नाही. मग ज्ञानोबा कधी 'डी'खाली, कधी 'जी'खाली. तो घोळ मी हातानं निस्तरला.

खरा घोळ वेगळा होता. एकच माणूस दोनदा चढू नये म्हणून काय करायचं, हे मी गाइडमध्ये शोधलं. एका ओळीत उत्तर होतं : इंडेक्स बनवताना 'युनिक' हा शब्द लावा, म्हणजे दुहेरी नोंदी येणार नाहीत. मी लावला. खरंच, यादीत एकही नाव दोनदा दिसेना. मी खूश.

इथं थोडं थांबून हे नीट सांगतो, कारण सगळी गोष्ट या एका शब्दावर फिरते. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. नाव बघायचं, पानावर उडी मारायची. फॉक्सप्रोच्या त्या जुन्या आवृत्त्यांत 'युनिक' लावलं की दुहेरी नोंद अडवली जात नसे. ती फाइलमध्ये जशीच्या तशी राहायची. फक्त सूचीत पहिलीच घेतली जायची, दुसरी सूचीबाहेर. म्हणजे माणूस आत आहे पण हजेरीपटावर नाही. गाइडच्या ओळीनं दिसतं काय ते सांगितलं होतं, होतं काय ते सांगितलं नव्हतं.

एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन शेतकरी होते. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षरही तेच. एक वरल्या आळीचा, एक खालच्या. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. खालच्या आळीवाल्याची नोंद माझ्या फाइलमध्ये गेली आणि सूचीतून गायब झाली. त्यानंतर दोघांपैकी कुणीही काहीही नेलं की माझा प्रोग्रॅम नाव शोधायचा, पहिली नोंद सापडायची आणि रक्कम वरल्या आळीवाल्याच्या डोक्यावर. पूर्ण हंगामभर.

वरल्या आळीवाल्यानं दिवाळीनंतर कापसाच्या पट्टीतनं सगळी बाकी भरली होती. यात्रेच्या आधी मी वसुलीची यादी छापली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा तो करकर आवाज, लांबच लांब कागद, काका कौतुकानं बघतायत. बाजाराच्या दिवशी तो माणूस दुकानासमोरून जात होता. काकांनी चार लोकांत हाक मारली आणि यादीवर बोट ठेवून म्हणाले, 'अकराशे चाळीस राहिलेत की तुमचे.'

तो काही बोलला नाही. कोपरीच्या खिशातनं प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतनं पावत्या. एकेक काउंटरवर मांडली. मुनीमजींनी खतावणी उघडली. पान ४२, वरल्या आळीचा, बाकी शून्य. पान ११७, खालच्या आळीचा, बाकी अकराशे चाळीस. तो एवढंच म्हणाला, 'मशिनीला काय म्हाइत शेठ. पर तुमाला तर म्हाइत होतं की.' काकांनी हात जोडले, मी जोडले. त्यानं पावत्या परत पिशवीत घातल्या आणि गेला. पुढच्या हंगामापासून तो दुसऱ्या दुकानात खत घेऊ लागला. वीस वर्षांचं खातं होतं.

त्या रात्री मुनीमजी मला रागावले नाहीत. ते बरं झालं असतं. 'नाव माणसाचं असतं, पान खात्याचं असतं,' म्हणाले आणि कंदील घेऊन घरी गेले. लोडशेडिंग होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी हैदराबादला गेलो. नांदेडच्या पोराला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथं. पुण्याचा अप्पा बळवंत चौक आमच्यासाठी लांब होता. आमचा चौक म्हणजे रविवारचं आबिड्स. दुकानं बंद असतात आणि फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. त्या ढिगात सी. जे. डेट यांचं 'ॲन इंट्रोडक्शन टू डेटाबेस सिस्टिम्स' मिळालं, एक जुनी विद्यार्थी आवृत्ती, पानांवर कुणाच्यातरी पेन्सिलच्या खुणा. हे पुस्तक पहिल्यांदा १९७५ मध्ये आलं, म्हणजे डीबेसच्याही आधी. त्यात एकाही सॉफ्टवेअरची बटणं शिकवलेली नाहीत असं नाही, पण जीव तिथं नाही. उदाहरण साधं : काही पुरवठादार, आणि ते पुरवतात ते नट, बोल्ट, स्क्रू. पहिला रकाना पुरवठादाराचा क्रमांक. एस वन, स्मिथ, लंडन. एस फोर, क्लार्क, लंडन. नाव दुसऱ्या रकान्यात.

फुटपाथवर उकिडवा बसून मी ते पान वाचलं आणि मला मुनीमजी आठवले. डेट ज्याला 'प्रायमरी की' म्हणत होते ते खाते पान होतं. ही कल्पना एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञानं १९७० च्या एका निबंधात मांडली, आणि साऱ्या जगाच्या बँका आज त्यावर चालतात. कॉडचं मोठेपण कमी होत नाही, पण ज्याला हजार माणसांची उधारी सांभाळायची आहे, तो त्याच्या आधीही तिथपर्यंत पोचला होता.

नुसता मुनीमच नाही, तलाठीसुद्धा. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, तो निघतो गट नंबरावर. आठ-अ निघतो खाते क्रमांकावर. नावावर काहीच निघत नाही. नाव आत लिहिलेलं असतं. आमच्या मराठवाड्यात त्याआधीचं, हैदराबाद राज्याच्या काळातलं १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक अजून लोक शोधत फिरतात, त्यातही आधी सर्व्हे नंबर आणि मग माणूस. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारनं जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू केली, त्यात महाराष्ट्रातला जिल्हा वर्धा होता. कागद संगणकावर गेला, गट नंबर मात्र जागचा हलला नाही. आणि २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. बारा अंक. सरकारनं साऱ्या देशाला खाते पान द्यायला घेतलं, आणि सुरुवात आपल्याच राज्यातल्या एका आदिवासी गावात केली. आधारबद्दल माझ्या बऱ्याच तक्रारी आहेत, पण त्या इथं नकोत.

सॉफ्टवेअरही शहाणं होत गेलं. व्हिज्युअल फॉक्सप्रोत १९९५ पासून प्रायमरी की आली. ॲक्सेसमध्ये ती सुरुवातीपासून होती. क्रमांक न देता तक्ता जतन करायला गेलात की तेच विचारतं, की ठरवलेली नाही, बनवू का? घाईतली माणसं वाचायच्या आत बटण दाबतात ही गोष्ट निराळी. ॲक्सेससोबत नॉर्थविंड नावाच्या काल्पनिक व्यापाऱ्याची नमुना फाइल यायची. तिच्यातलं पहिलं गिऱ्हाईक बर्लिनचं, त्याची ओळख नावानं नाही, पाच अक्षरांच्या खुणेनं. आणि त्या व्यापाऱ्याच्या मालाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर काय आहे माहितीये? चाय. हे पाहिलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो. ॲक्सेस २००० पासून युनिकोड आलं आणि ज्ञानोबा अखेर 'ज्ञ'खाली बसला.

पुस्तकांचं काय झालं? २००१ पासून एमकेसीएलचं एमएस-सीआयटी गावोगावी गेलं, लाखो पोरांनी संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो तिथं. ते मोठं काम होतं. पण नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागल्यावर 'कुठं क्लिक करायचं' एवढंच सांगणाऱ्या पातळ पुस्तकांना आणखी बरकत आली. मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं, २०१५ च्या जानेवारीत आधारही थांबवला. त्या दिवशी माझं पातळ गाइड पूर्ण रद्दी झालं. तसं ते आधीच रद्दीत गेलं होतं. दुकानात नाकारलेल्या जाड पुस्तकातल्या कमांडही मेल्या असतील, पण ती पहिली पन्नास पानं आजही चालतील. डेट माझ्या कपाटात आहे. पण भाचीला तो देणार नाही, तो कोरडा आहे आणि तिची परीक्षा जवळ आली आहे. कॉलेजला बहुधा सिल्बरशाट्झ-कोर्थ-सुदर्शन लावलेलंच असेल. त्यातले सुदर्शन आपल्या मुंबई आयआयटीचे. तेही भारी पुस्तक आहे, पण प्रोजेक्ट पंधरा दिवसांत द्यायचा असेल तर त्याचा डोंगर वाटतो. मायकेल हर्नांडेझ यांचं 'डेटाबेस डिझाइन फॉर मियर मॉर्टल्स' हे १९९७ मध्ये पहिल्यांदा आलेलं पुस्तक मात्र मला फार उशिरा सापडलं. त्यात कुठल्याच सॉफ्टवेअरचं नाव घेऊन शिकवलेलं नाही. आधी लोकांशी बोला, त्यांचे जुने कागद, वह्या, फॉर्म बघा, मग तक्ते आखा, असं ते सांगतं. थोडक्यात, आधी मुनीमजींना विचारा.

तासाभरानं भाचीचा पुन्हा मेसेज. 'दोन चहा झाले. आता सांगा.'

मी लिहिलं : तिन्ही पुस्तकं उघड. प्रत्येकात पहिला तक्ता कुठं बनवलाय ते पान काढ. त्यात पहिला रकाना कोणता आहे, बघून सांग.

पाच मिनिटांनी फोटो आले. पहिल्यात 'नेम', मग 'ॲड्रेस', मग 'फोन नंबर'. दुसऱ्यातही तेच, फक्त रंगीत. तिसऱ्यात 'मेंबर आयडी', आणि तो का हवा यावर दीड पान. तिसरं सगळ्यांत महाग होतं.

'हे घे,' मी लिहिलं. 'उरलेले मी पाठवतो. आणि डेअरीत दूध घालणाऱ्यांना आधीच सभासद नंबर आहेत का?'

'हाव, भिंतीवर यादी लावलीय. पण दोन-तीन नंबर दोन-दोन लोकांना दिलेत म्हणे, आधीच्या सेक्रेटरीनं. कसं करू?'

मी फोनच लावला.